ठेंगीचं तेल

बैलांचा बेंदूर जवळ आला की मला आधी थकवाच येतो. अजून पुरण शिजलेलं नसतं, कणीक तिंबलेली नसते, तरी पाठ बोलायला लागते. घरात बैल नाहीत याला कितीतरी वर्षं झाली. दावणीच्या जागी आता पुतण्याचा ट्रॅक्टर उभा असतो. त्यालाच धुतात, पुसतात, बॉनेटवर हळदीकुंकू लावतात, स्टिअरिंगला गोंडे बांधतात. नैवेद्याची पोळी चाकापाशी ठेवतात आणि ती गल्लीतलं कुत्रं खातं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसते.

"काकी, जरा कुंकू लावा की," पुतण्या म्हणतो.

"तूच लाव रे बाबा. मला वाकवत नाही."

वाकवत नाही हे खरंच आहे. गुडघे गेलेत. पण जरा वेळानं पुतण्याची बायको कडबोळी तळायला घेते. एरवी या घरात पिशवीतलं तेल येतं. बेंदराला मात्र मी हट्टानं करडईचं आणायला लावते. ते तापलं, त्याचा उग्र वास माजघरातून अंगणात आला, की माझा डोळा आपोआप गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडकडे जातो. तिथं पोत्यांच्या आणि मोडक्या पाळण्याच्या मागं एक ठेंगणी फटफटी उभी आहे. भंगारवाला दर वर्षी विचारून जातो आणि दर वर्षी माझ्या शिव्या खाऊन जातो.

दुष्काळ सरून एक पीक हाती आलं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचे हे लढाईतून डावा गुडघा घालवून घरी आले होते. गाव त्यांना फौजी म्हणायचं. मीही इथं तेच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय आता या वयात कुठं लावून घेऊ? गुडघ्यात काय शिरलं, डॉक्टरांनी काय काढलं, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पाय सरळ राहिला, वाकायचा नाही, एवढंच. ओट्यावर बसले की तो पाय पुढं पसरलेला, आणि येणारा जाणारा त्याला वळसा घालून जायचा. मी गावच्याच शाळेत शिकवत होते. सकाळी भाकऱ्या थापून शाळेत जायची तेव्हा हे ओट्यावर, चार वाजता परत यायची तेव्हाही तिथंच. "जेवलात का?" विचारलं तर म्हणायचे, "जेवलो असंन." बसून राहिलेल्या माणसाकडे रोज बघणं किती दमवतं, ते ज्या बाईनं बघितलंय तिलाच कळेल.

त्यातून बाहेर पडायची एकच वाट दिसत होती. नदीपलीकडच्या साखर कारखान्याला शेतकी खात्यात माणूस हवा होता. उसाच्या नोंदी घ्यायच्या, कुणाचा ऊस कधी तोडायला आलाय ते पाहायचं, तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या. शेतकी अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "शिस्तीचा माणूस मला हवाच आहे. पण पायी कसे फिरणार तुम्ही? सायकल मारता येत नाही. स्वतःची गाडी करा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी या, माझ्याबरोबर नदीकाठानं एक फेरी मारून दाखवा. जमलं तर जागा तुमची."

फौजी पलटणीत असताना फटफटीवरून टपाल पोचवायचे. गाडी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. दुसऱ्याच दिवशी सांगलीला गेले आणि लष्कराच्या लिलावातलं सामान विकणाऱ्या एका दुकानातून ही फटफटी घेऊन मालट्रकमधून आले. चौघांनी ती उतरवली तेव्हा अख्खी आळी गोळा झाली.

एवढीशी गाडी! सीट माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, चाकं बारकी, टाकीवरचं नाव खरवडून काढलेलं, इंजिनावरचा नंबर छिन्नीनं मारलेला. कुणी म्हणालं, ही इमानातनं खाली टाकायची फटफटी. कुणी म्हणालं, इंग्रजानं जाताना टाकून दिलेली. एकानं तर ही जर्मनची म्हणून पैजच लावली. आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गर्दी बाजूला सारली आणि बाजारात बैल बघतात तशी तिला फेरी मारली. टाकीवरून हात फिरवला, मागचं चाक दाबून बघितलं, खाली वाकून पोटाखालीही डोकावले.

"कुठल्या जातीची हाय रं?"

"तेच बघायचंय, आबा."

"आदी बघून मग आनायची असती गड्या! म्हसवडच्या जत्रंत बैल घ्याया जातो तवा आदी चालवून बघतो, मग दात बघतो. तू चालवून बघितलीस का?"

"चालतच न्हवती, तर चालवून कशी बघू?"

मामंजींनी कपाळावर हात मारला. "म्हंजे बसका बैल आनला की रं पोरानं!"

आळी हसली, मीही पदर तोंडाला लावून हसले. फौजीही हसले. ते हसताना दिसले, म्हणून मी त्या भंगाराला पहिल्या दिवशी काही बोलले नाही.

मग सुरू झाली ओळख पटवायची खटपट. फौजी शेडमध्ये पाय पसरून बसायचे आणि काचेच्या तुकड्यानं रंग खरवडायचे. वर लष्करी हिरवा, त्याखाली काळा, त्याखाली लाल. प्लग काढून बघ, साखळीच्या चक्राचे दाते मोज, कार्बोरेटर उलटासुलटा कर, असं चालायचं. शेवटी त्यांनी निकाल दिला: इंजिन एकीचं, टाकी दुसरीची, पुढचा दांडा तिसरीचा, आणि कुणीतरी छावणीतल्या छावणीत फिरायला ते जोडून घेतलेलं. साखळीचे दाते झिजून वाकडे झाले होते. मामंजींनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "दात सांगत्यात की. वय झालंय हिचं." पण लगेच तिच्या सीटवर थाप मारली. "ऱ्हाऊ दे. ठेंगी म्हनायचं हिला." त्या दिवसापासून घरात हरण्या, मोऱ्या आणि ठेंगी अशी तीन जनावरं झाली.

ठेंगीनं माझं घर पार नासवलं. साखळी ग्रीसमध्ये उकळायची असते म्हणे. एक दिवस शाळेतून येऊन बघते तर माझं डाळीचं पातेलं चुलीवर आणि त्यात काळं काहीतरी रटरटतंय. तेव्हा मी जो आवाज लावला तो वेशीपर्यंत गेला असेल. सायलेन्सरची नळी काजळीनं बुजली, तर तीही माझ्याच चुलीत भाजून काढली. कुठल्याशा दोन चिमुकल्या पत्र्यांमध्ये किती फट ठेवायची, ते माहेरच्या जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा घालून मोजायचे. शनिवारी पेठेतून सामान आणायची यादी मी सांगायची, मीठ, हळद, काड्यापेटी. आणि ते मध्येच म्हणायचे, पॉलिश पेपर. मी चिडायची. पण ओटा रिकामा असायचा, हेही मला दिसत होतं.

खरा घोर होता पायाचा. तिची किक डाव्या बाजूला आणि गिअरही डावीकडेच, आणि यांचा तोच पाय वाकेना. फौजींनी लोहाराकडून पाय ठेवायची दांडी पुढं सरकवून घेतली आणि गिअरचा दांडा लांब करून घेतला. आता पाय सरळ ठेवूनही नुसत्या टाचेनं गिअर पडायचा. मागं चिखलात रुतणार नाही असं खोल नक्षीचं टायर बसवलं. किकेवर मात्र काही तोड निघेना. तेव्हा तोड निघाली ती मी. पहाटे उजाडता उजाडता मी मागून ढकलायची, हे क्लच सोडायचे, आणि फटाफटा आवाज करत ठेंगी सुटायची.

आवं, काय काय ऐकून घेतलं मी त्या दिवसांत! विहिरीवर बायका म्हणायच्या, "बाई, शाळंत पोरं ढकलता, घरी फटफटी ढकलता, तुमाला लय काम." मी हसून घागर उचलायची. हात काळे, पदराला तेल, पायात गोळे, आणि तसंच शाळेत जाऊन फळ्यावर बेरजा. एकदा गाडी सुरू झाली की फौजी थांबायचे नाहीत. थांबले तर मला पुन्हा ढकलावं लागलं असतं. पिंपळाला वळसा घालून परत माझ्यासमोरून जायचे आणि एक हात वर करायचे. मला त्या वेळी फार बरं वाटायचं. सांगायला लाज कशाची? लग्नातसुद्धा मी या माणसाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

ठेंगीला पेट्रोलमध्ये इंजिनाचं तेल मिसळून द्यावं लागे. फौजी पितळी मापट्यानं ते मोजून टाकीत ओतायचे आणि गाडी हलवून हलवून मिसळायचे. मामंजी तंबाखू मळत समोर बसलेले असायचे.

"हिला बी तेल पाजावं लागतं व्हय?"

"लागतंच, आबा. न्हाईतर आतनं जळंल."

"मग बैलावानीच हाय म्हना."

इतकंच बोलणं झालं. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटावं?

त्या सालचा बेंदूर आठवला की आजही मला त्याचा थाट आधी आठवतो. दुष्काळात मामंजी हरण्या-मोऱ्याला घेऊन चारा छावणीत राहिले होते, त्यांच्याच शेजारी झोपायचे. त्या सगळ्यातून दोन्ही बैल जिवंत परतले होते. माळाच्या तुकड्यात बऱ्याच दिवसांनी करडई पिकली होती आणि घाण्यावरून घरचं तेल आलं होतं, थोडंच. त्यातलं निम्मं मामंजींनी बैलांसाठी बाजूला काढलं. मला भाजी फोडणीला घालतानाही थेंब मोजावे लागत होते, पण बैलांच्या डब्याला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळून खांदेमळणी झाली. बेंदराला सकाळी शिंगं हिंगुळानं रंगवली, झुली चढल्या, अंडी फोडून तेलात कालवून बांबूच्या नळीनं बैलांना पाजली. मी पुरण वाटत होते. मध्येच बाहेर आले तर ठेंगीच्या दिव्यावर कुंकू, हँडलला घुंगरू आणि सीटवर जुन्या झुलीचा तुकडा. मामंजी मोठ्या गंभीरपणे तिला कडबोळं बांधत होते. मी हसले आणि परत आत गेले, पुरण करपत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ढकललं. एका धक्क्यात गाडी लागली. फौजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर पलटणीतली टोपी. पिंपळाला वळसा घातला, हात वर केला. हँडलचं घुंगरू त्यांनी मुद्दाम काढलं नव्हतं. नदीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते मला ऐकू येत होतं.

चार वाजता शाळेतून आले तर ओटा रिकामा. मला आनंद झाला. म्हटलं, फेरी लांबली, म्हणजे जमलं. दिवस कलला. मग वेशीकडून फौजी दिसले. गाडीवर नव्हते. गाडी ढकलत येत होते. सरळ पाय प्रत्येक पावलाला बाहेरून गोल फिरवत, शर्ट चिखलानं माखलेला, आणि घुंगरू वाजत होतं. मी धावले आणि मागून हात लावला. दोघांनी मिळून ती शेडमध्ये आणली.

शेडमध्ये त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि माझ्या नाकापुढं धरलं.

"करडई," ते म्हणाले.

बैलांना पाजलं तसं मामंजींनी ठेंगीलाही तिचा वाटा पाजला होता. चांगला तांब्याभर. ते जड तेल टाकीच्या तळाशी बसलं. निघताना नळीत होतं ते पेट्रोल जळलं, मैलभर गाडी गेली, मग पांढरा धूर, भजी तळल्यासारखा वास, आणि बंद. ह्यांनी प्लग पुसला, पुन्हा लावला. उतारावरून गाडी सोडून देऊन चालू केली. पुन्हा बंद. भेटायचं ठरलेल्या पुलापर्यंत पोचेपर्यंत अधिकारी वाट बघून निघून गेला होता. त्याच्याबरोबर सायकलवर दुसरा एक तरुण होता, त्यालाच फेरीला नेलं. जागा गेली.

माझं डोकं सणकलं. मामंजी रानातून येऊन शेडच्या दारात उभे होते.

"काय झालं रं? नोकरीचं काय?"

मी तोंड उघडलंच होतं. फौजींनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

"न्हाई जमलं, आबा. इंजिन म्हातारं झालंय. वाटंतच बसलं."

मामंजी हळहळले. आत येऊन टाकीवर हात ठेवला. "तरी मी म्हनलं हुतं तुला, दात बघून घे."

"व्हय आबा, चुकलं माझं," फौजी म्हणाले.

मामंजी गेल्यावर मी फणकारले. "का नाही सांगितलंत? तुमची नोकरी घालवली त्यांनी, आणि वर तुम्हालाच बोलतायत!"

"बैलांच्या तोंडचं काढून घातलंय त्यानी," फौजी म्हणाले. "हे कसं सांगू त्यास्नी? पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाई."

मी काढला नाही. पण ते वर्ष माझ्या अंगावर आलं. फौजी परत ओट्यावर. सांगलीकरानं फौज्याच्या गळ्यात भंगार मारलं, असं गाव म्हणायचं आणि ते ऐकून घ्यायचे. करडईचं तेल आत सुकून गोंदासारखं चिकटलं होतं. पिस्टन जागचा हलेना. रॉकेल ओतून ओतून, लाकडानं ठोकून ठोकून त्यांनी तो मोकळा केला, पण त्यात पावसाळा गेला, हिवाळा गेला. नदीपलीकडं कारखान्याचा भोंगा वाजायचा, उसाच्या गाड्या दारावरून जायच्या, आणि त्या पायाला वळसा घालून मी शाळेत जायची. मामंजी समोर दिसले की माझ्या जिभेवर यायचं. मी गिळायची. राग गिळून गिळून माणूस जेवढं दमतं तेवढं पाणी भरून दमत नाही.

पुढच्या वर्षी अधिकाऱ्यानं पुन्हा निरोप धाडला. आधीचा तरुण नोकरी सोडून मुंबईला गेला होता. फेरी पुन्हा बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. मला धडकी भरली. बेंदराच्या सकाळी मी पुरण तसंच टाकून शेडच्या फटीला डोळा लावला. मामंजी तांब्या घेऊन आले. फौजी गाडीपाशीच होते. मला वाटलं, आता तरी अडवतील. फौजींनी स्वतः झाकण उघडलं आणि मामंजींना जागा करून दिली.

"वत, आबा."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी टाकी उलटी करून सगळं डब्यात काढलं, टाकी धुतली, ताजं पेट्रोल घातलं. मी ढकललं. संध्याकाळी ते गाडीवर बसून परत आले, आणि जागा मिळाली होती.

मग दर बेंदराला हेच. मामंजींनी ओतायचं आणि पहाटे फौजींनी काढायचं. काढलेलं तेल बैलगाडीच्या कण्याला वंगण म्हणून ठेवायचे. ठेंगीनं नदीकाठचा ऊस अन् ऊस पाहिला. मला ढकलायचं कधी सुटलं नाही. हरण्या गेला, मोऱ्या गेला, दुसरी जोडी आली. मामंजींचे डोळे गेले.

त्यांच्या शेवटच्या बेंदराला त्यांना शेडमध्ये धरूनच आणावं लागलं. मी एका बाजूला, फौजी दुसऱ्या. तांब्या मामंजींच्या हातात होता. त्यांनी तो फौजींच्या हातात दिला.

"तूच घाल. उद्या काडायचं बी तुलाच हाय."

फौजींचा हात तसाच राहिला.

"कवापास्नं म्हाईत हाय, आबा?"

"दुसऱ्याच सालापास्नं. कन्याला लावाया डबा घेतला तर करडईचा वास. मग पयल्या सालचं बी ध्यानात आलं." मामंजींनी चाचपत ठेंगीची टाकी शोधली आणि तिच्यावर हात ठेवला. "तुजी नोकरी म्याच घालवली हुती."

"मग दर साली वतत कशापायी हुता?"

"वतलं नसतं, तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हून."

फौजींनी तांब्या खाली ठेवला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतकी वर्षं मनात घोळवलेला माझा राग तिथंच संपला. मला एकदम खाली बसावंसं वाटलं, आणि मी मातीतच बसले.

मामंजी गेले. फौजी जाऊनही आता बरेच बेंदूर झाले. ठेंगीच्या टाकीचं झाकण गंजून घट्ट बसलंय, ते आता निघत नाही. कडबोळी तळून झाली की मी कढईशेजारच्या डब्यातलं कच्चं तेल वाटीत घेते आणि भिंत धरत धरत शेडमध्ये जाते. पुतण्याला वाटतं, म्हातारी पोत्यांमागं काय करते कुणास ठाऊक. मी झाकणावर तेल सोडते. चारच थेंब. उद्या सकाळी काढायला कुणी नाही.